सोलापुरात बजेटमधलं घर कुठल्या भागात घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बघायला सुरुवात केली की पहिल्या रविवारी चार प्लॉट, दोन रो हाऊस आणि एक फ्लॅट बघून डोकं गरगरतं आणि प्रत्येक एजंट म्हणतो की हाच एरिया उद्या वर जाणार. नोकरदार, यंत्रमागवाले, मास्तर, रिक्षावाले, पुण्यात राहून आईवडिलांसाठी घर शोधणारे, सगळे साधारण तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. रेट मुद्दाम लिहिले नाहीत, ते दर सहा महिन्याला बदलतात. खरा रेट कसा काढायचा ते मात्र खाली आहे.

आमचं बजेट कमी आहे, सुरुवात कुठल्या भागापासून करू?

सुरुवात तुमच्या कामाच्या जागेपासून करा, एरियाच्या नावापासून नको. सोलापूर फार मोठं नाही असं आपण म्हणतो खरं, पण घर केगावला आणि काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत असेल तर रोज अख्खं गाव ओलांडायचं, पेट्रोल वेगळं, आणि मुलाची शाळा तिसऱ्याच टोकाला असली की बायकोची फरफट वेगळी. म्हणून एमआयडीसी किंवा यंत्रमागाच्या कामावर असाल तर अक्कलकोट रोड, विडी घरकुल, शेळगी, दहिटणे या बाजूला आधी बघा. मार्केट यार्डात धंदा असेल तर हैदराबाद रोड आणि शेळगी. विद्यापीठ किंवा चिंचोळी एमआयडीसीकडे जाणार असाल तर बाळे, केगाव. ऑफिस सात रस्ता, रेल्वे लाईन्स भागात असेल तर विजापूर रोड आणि होटगी रोड सोयीचे, पण तिथे स्वस्त काही राहिलेलं नाही, मग सैफुलच्या पुढे सोरेगाव, प्रतापनगरकडे सरकावं लागतं.

१९९२ ला महापालिकेची हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावं शहरात आली, ज्याला आपण आजही हद्दवाढ भाग म्हणतो. बजेटवाल्यांची घरं बहुतेक तिथेच मिळतात. पण हद्दवाढ भाग म्हणजे सगळीकडे सारखी सोय असं अजिबात नाही, एका नगरात डांबरी रस्ता, ड्रेनेज, दिवे सगळं आणि शेजारच्या नगरात पावसाळ्यात दुचाकी चिखलात रुतते, आणि दोन्हीचा पिनकोड एकच. त्यामुळे एरियाचं नाव ऐकून ठरवू नका, नगर आणि गल्ली बघून ठरवा.

जुळे सोलापूर सगळे सुचवतात, तिथेच घेऊ का?

परवडत असेल तर बिनधास्त घ्या. मोठे रस्ते, शाळा, दवाखाने, दुकानं, बागा, सगळं हाताशी आहे आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण फक्त पत्त्यावर जुळे सोलापूर दिसावं म्हणून जुन्या बिल्डिंगचा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, अंधारा वन बीएचके घ्यायचा आणि त्याच पैशात शेळगीला किंवा बाळ्याला दोन खोल्या जास्त मिळत असतील तर मी दुसरं सुचवेन. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. आणखी एक, आसरा पुलावरून संध्याकाळी सहा ते आठ एकदा जाऊन बघा, रोज तो रस्ता झेपणार आहे का ते तिथेच कळतं.

पाण्याचं काय? हे सगळ्यात आधी विचारायचं का?

हो, सगळ्यात आधी. सोलापुरात घराची किंमत पाण्यावरून काढावी असं माझं ठाम मत आहे. शहराला पाणी उजनी धरणातून, टाकळीच्या भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून येतं, आणि तरीही वर्षानुवर्षं आपण चार-पाच दिवसांआड नळाची वाट बघत बसलोय. उजनीपासून शहरापर्यंत सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकलीय, त्याचा आधार आहे, पण शहरापर्यंत पाणी पोचणं वेगळं आणि तुमच्या गल्लीतल्या नळाला प्रेशरने येणं वेगळं. तुमच्या भागाची टाकी कुठली, लाईन किती जुनी, तुमचं घर लाईनच्या शेवटाला आहे का, यावर सगळं ठरतं.

हे एजंटला विचारू नका. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, ती सगळं खरं सांगते. पाणी किती दिवसांआड येतं, दिवसा येतं का रात्री दोनला, किती वेळ राहतं, मोटर न लावता वर चढतं का, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का आणि लागला तर पैसे किती पडतात. जमलं तर पाणी सुटायच्या दिवशीच तिथे जा. प्रत्येक दारात मोटर घरघरतेय आणि लाईनच्या शेवटच्या घरातली माणसं पातेलं घेऊन उभी आहेत असं चित्र असेल तर त्या शेवटच्या प्लॉटला कितीही डिस्काउंट देऊ द्या, घेऊ नका.

हिशोब साधा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहराचं मानक प्रमाण धरतात, म्हणजे पाच माणसांना रोज ६७५ लिटर, पाच दिवसांचे जवळपास ३,४०० लिटर, पाहुणे आणि एखादी पाळी चुकली तर त्याचं धरून ५,००० लिटरचा हौद पाहिजेच. रो हाऊसमध्ये हौद १,००० लिटरचा असेल तर नवा बांधायचा खर्च आधीच किमतीत धरा. बोअरवर अवलंबून राहू नका. आपल्याकडे खाली काळा दगड आहे, एका प्लॉटला पाणी लागतं आणि शेजारी कोरडा फुफाटा निघतो, आणि लागलं तरी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं, दोन वर्षांत गिझर आणि नळ पांढरे होतात.

महापालिका हद्दीत घेऊ का बाहेर ग्रामपंचायतीत? बाहेर निम्म्यात मिळतंय.

निम्म्यात का मिळतंय ते आधी बघा. हद्दीबाहेर ड्रेनेज नसतं, शोषखड्डा करावा लागतो, कचऱ्याची गाडी येईलच असं नाही, पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेवर, आणि रात्री दवाखान्यात जायचं म्हणलं तर रिक्षा मिळत नाही. सिटी बस तर हद्दीतसुद्धा मोजकीच आहे. स्वतःची गाडी, तब्येत ठणठणीत आणि लेआउट मंजूर असेल तर बाहेर घ्यायला हरकत नाही, कर कमी असतो, हवा मोकळी असते. लहान मुलं आणि बीपी-शुगरवाले आईवडील दोन्ही घरात असतील तर मी हद्दीतच लहान घर घेईन.

एनए, गुंठेवारी, सात-बारा हे सगळं काय प्रकरण आहे? सोप्या भाषेत सांगा.

जमीन मुळात शेतीची असते. ती राहण्यासाठी वापरायला अकृषिक म्हणजे एनए व्हावी लागते आणि तिचा लेआउट नगररचना विभागाकडून मंजूर व्हावा लागतो, म्हणजे रस्ते किती रुंद, मोकळी जागा कुठे, प्लॉट किती, सगळं नकाशावर ठरलेलं. असा मंजूर लेआउटमधला एनए प्लॉट हा पहिल्या नंबरचा. बँक लोन देते, बांधकाम परवाना मिळतो, झोप लागते.

गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून लेआउट मंजूर न करता विकलेले प्लॉट. एक गुंठा म्हणजे १,०८९ स्क्वेअर फूट. हद्दवाढ भागात असे प्लॉट भरपूर आहेत आणि त्यावर चांगली चांगली घरं उभी आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ती नियमित करून घेता येतात आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्यांना संधी मिळाली. त्यामुळे गुंठेवारी म्हणलं की लगेच पळून जाऊ नका, पण नियमितीकरणाचा आदेश कागदावर हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. फाईल टाकलीय, महिन्याभरात होऊन जाईल, हे वाक्य लोक दहा-दहा वर्षं ऐकतायत.

सात-बारा बघताना सगळे फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. तुम्ही इतर हक्क हा रकाना वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, बहिणींची नावं, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे बारीक अक्षरात असतं. वर भोगवटादार वर्ग १ लिहिलंय का वर्ग २ ते बघा, वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. देवस्थान इनामाची जमीन तर घ्यायचीच नाही, कितीही स्वस्त असो. जुन्या सिटी सर्व्हेच्या भागात सात-बाराऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं, तिथे तेच बघायचं.

आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, जुने काढा. आजोबांच्या नावावरून तीन मुलांच्या नावावर आली आणि दोन मुलींची नावं कुठेच नाहीत असं दिसलं तर थांबा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि वकील तुमचा पाहिजे, बिल्डरने सुचवलेला नको.

नोटरीवर घर मिळतंय, फार स्वस्त आहे. घेऊ का?

नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, नोटरीने मालकी बदलत नाही, स्टॅम्प पेपर पाचशेचा असला तरी. घरकुल योजनांमधली घरं असं विकायला बरेच जण तयार असतात. विडी कामगारांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्याच बाजूला रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत आहे आणि त्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. ही घरं ज्यांनी विड्या वळून, वर्षानुवर्षं लढून मिळवलीत त्यांची आहेत. लाभार्थ्याच्या नावावरचं घर नोटरीवर घेतलं तर उद्या ना लोन, ना नाव, ना दाद मागायला जागा, आणि एका कष्टकरी बाईचं छप्परही गेलेलं असतं.

फ्लॅट, रो हाऊस, का प्लॉट घेऊन बांधायचं?

सोलापूरचा माणूस मनाने घरवाला आहे, फ्लॅटवाला नाही. अंगण पाहिजे, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालता आल्या पाहिजेत. म्हणून मधला मार्ग म्हणजे रो हाऊस. पण दोन घरांत भिंत एकच असते, तेव्हा वरचा मजला पुढे चढवता येईल का, मंजूर नकाशात तशी सोय आहे का, हे आधीच विचारा. प्लॉट घेऊन बांधणं सगळ्यात समाधानाचं, पण ज्यांचं भाडं चालू आहे त्यांना प्लॉटचा हप्ता, भाडं आणि बांधकाम तिन्ही एकदम झेपत नाही, बांधकाम अर्ध्यावर अडकतं. फ्लॅट एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना बरा, कुलूप लावून गावाला जाता येतं, वॉचमन असतो, पाणी सोसायटी बघते.

काळ्या मातीचा एवढा बाऊ का करतात?

करायलाच पाहिजे, आणि बजेटवाल्यांनी जास्त करायला पाहिजे कारण दुरुस्तीला त्यांच्याकडे पैसे उरत नाहीत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या रानात बघा, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच हालचाल घराखाली होते. पाया वरच्यावर काळ्या मातीत ठेवला असेल तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, दार चौकटीत अडकायला लागतं, कंपाउंडची भिंत बाहेर कलते, फरशी ठोकली की पोकळ आवाज येतो.

तयार घर बघायला गेलात तर नवा रंग बघू नका. खिडक्यांचे कोपरे, जिन्याखालची भिंत आणि मागची वॉशिंगची जागा बघा, कारण पुट्टी भरणारा माणूस तिथे हात आखडता घेतो. नवीन बांधणार असाल तर खड्डा पक्क्या मुरुमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेला पाहिजे, मधली काळी माती काढून मुरूम भरून कुटला पाहिजे आणि प्लिंथ बीम (पायावरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा) सगळीकडून बांधला पाहिजे. कॉन्ट्रॅक्टर खड्डे भरायची घाई करत असेल तर त्या दिवशी सुट्टी काढून साईटवर उभे रहा.

पुराचा धोका सोलापुरात कुठे असतो? आपल्याकडे तर पाऊसच कमी.

पाऊस कमी आहे पण पडतो तेव्हा एकदम पडतो. सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे आणि वडकबाळजवळ विजापूर हायवे बंद पडला होता. शहरात नाल्यांच्या कडेची नगरं आणि हिप्परगा तलाव भरून वाहिला की ज्या ओढ्यातून पाणी येतं तो पट्टा, इथे जपून. प्लॉटचा नकाशा हातात घेऊन नाला कुठे आहे ते बघा, आणि नाल्यावर भर टाकून प्लॉट पाडलेत का हे जुन्या माणसाला विचारा. शक्य असेल तर सौदा एक पावसाळा बघूनच करा.

देगाव, तुळजापूर रोड या बाजूला स्वस्त आहे, काही अडचण?

देगावला महापालिकेचा सांडपाणी प्रकल्प आहे आणि तुळजापूर रोडला कचरा डेपो. अख्खा भाग त्यामुळे वाईट ठरत नाही, अंतर आणि वाऱ्याची दिशा बघायची. संध्याकाळी आणि पहाटे अशा दोन वेळा जा, दुपारच्या उन्हात वास कळत नाही. बाकी केगाव-देगाव-हत्तूर बायपास झाल्याने तिकडून पुणे आणि विजापूर हायवेला जाणं सोपं झालंय. फक्त मुलांना सायकलवर हायवे ओलांडावा लागणार असेल तर ते घर नको.

विमानसेवा सुरू झाली, आता होटगी रोडचे भाव वाढणार म्हणतात. आत्ताच घेऊन ठेवू?

राहायला घर घेताय ना, मग विमानाचा हिशोब सोडा. जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला विमान उडालं, आणि या सगळ्याच्या आधीपासून विमानतळाच्या नावावर प्लॉट विकले जातायत. उलट विमानतळाच्या आसपास इमारतीच्या उंचीवर बंधन असतं, दोन मजले चढवायचा विचार असेल तर आधी ते तपासा. जे आज जमिनीवर दिसतंय त्याचेच पैसे द्या.

खरा रेट कसा काढायचा?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, तिथे त्या गावातल्या झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्तांचे सारांश, बघायला मिळतात. त्याच नगरात वर्षभरात कोणत्या किमतीला दस्त झालेत ते काढा. रेडी रेकनरही तिथेच मिळतो, पण ती सरकारी किमान किंमत, बाजार नव्हे. दोन्ही हातात असले की एजंटशी बोलायचा आवाज बदलतो.

घराच्या किमतीवर वरचा खर्च किती धरू?

समजा घर २५ लाखांचं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के म्हणजे दीड लाख, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे २५ हजार वाचले. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर परवडणाऱ्या व्याख्येत बसत असेल, म्हणजे किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० स्क्वेअर मीटरच्या आत, तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. याशिवाय वकील, बँकेची फी, वीज मीटर, हौद, ग्रील, फॅन, माळे. बाईच्या नावावर घ्याच, पैसे वाचतात म्हणून आणि तिचं हक्काचं छप्पर होतं म्हणून.

लोन किती काढावं?

३० लाखांपर्यंतच्या लोनला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणून तेवढं काढायचं असं नाही. २० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरलं तर हप्ता साडेसतरा हजारांच्या आसपास बसतो आणि शेवटी साडेएकेचाळीस लाखांवर भरणा होतो. पगार पस्तीस हजार असेल तर अर्धा तिथेच गेला. हातात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यात हप्ता बसवा. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजाच्या, घरकर्जाला आधी पैसे भरले तर दंड नसतो, बोनस आला की मुद्दलात टाका.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० विचारा. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसेल तर पहिल्या ८ लाखांच्या लोनवर व्याजात सूट मिळते, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत.

बिल्डर म्हणतो छोटा प्रोजेक्ट आहे, रेराची गरज नाही. खरं का?

रेरा म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणारा कायदा. जमीन ५०० स्क्वेअर मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट असते. त्यापेक्षा मोठं असेल तर महारेराचा नंबर पाहिजेच, प्लॉटिंग असलं तरी. नंबर साईटवर टाकून मंजूर नकाशा, ताबा द्यायची तारीख आणि कोर्टकेस बघा. रेरात नोंदलेल्या घरात ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरची जबाबदारी असते. छोट्या, रेराबाहेरच्या रो हाऊसमध्ये ही सगळी काळजी तुमची तुम्हाला घ्यायची.

मी पुण्यात असतो, आईवडिलांसाठी घेतोय. काय वेगळं बघू?

त्यांना विचारा, हे पहिलं. साखर पेठेत, भवानी पेठेत जन्म गेलेल्या माणसाला मोठ्या टू बीएचकेत करमत नाही. ओळखीचा किराणावाला, तेलुगू-कन्नड-मराठी मिसळून बोलणाऱ्या शेजारणी, सिद्धेश्वराच्या देवळाला चालत जाणं, हे सगळं सुटतं. त्यामुळे त्यांच्या एखाद्या नातेवाइकाचं घर ज्या नगरात आहे तिथे बघा. तळमजला किंवा चालू लिफ्ट, पश्चिमेकडे बेडरूम नको कारण आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४३-४४ ला जातो आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते. औषधाचं दुकान आणि रिक्षा स्टॉप त्यांच्या पायाने चालून बघा, तुमच्या पायाने नको.

सगळं पसंत आहे, टोकन किती देऊ?

जेवढं बुडलं तरी चालेल तेवढंच, आणि चेकने किंवा ऑनलाईन. रेरातल्या प्रोजेक्टला नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. जुनं घर किंवा प्लॉट असेल तर इसार पावतीवर किंमत, मुदत, कागद क्लिअर न निघाल्यास किंवा लोन मंजूर न झाल्यास इसार परत, आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या पाहिजेत. एक भाऊ मुंबईला आहे, तो नंतर सही करेल असं म्हणाले तर तो येईपर्यंत पैसे खिशात ठेवा.